नावापुरती जागा

फाईल छोटीच आहे.
वरच्या ओळीत दोन अवतरणचिन्हं, मध्ये काही नाही.
ज्यांनी हे फर्मवेअर लिहिलं, फुकट वाटलं,
त्यांनी पुढच्या माणसासाठी एवढी जागा मोकळी सोडली:
लावा तुमचं नाव.

इंगवले मालक माझ्या खुर्चीमागे उभे, हातात कागदी कप.
"पतसंस्थेच्या त्रेसष्ट मशिनी, एकीतबी डिस्क न्हाई,
सगळ्या वायरीतनं उठणार, खरं का न्हाई?
मग उठताना पयलं नाव आपलं दिसाय पायजे.
वर अंबाबाई प्रसन्न.
खाली इंगवले सिस्टिम्स, उद्यमनगर, कोल्हापूर."

मी सांगितलं, देवनागरी नाही येणार.
त्या घटकेला मशीनला स्वतःचंच धड ठाऊक नसतं,
मेमरी किती, केबल लागलीय का, पत्ता कोण देणार,
सव्वीस रोमन अक्षरं आणि काही खुणा, एवढीच तिची पाटी.
मालक हिरमुसले.
"मग अंबाबाई ऱ्हाऊ दे.
तिला कशाला इंग्रजीत हाक मारायची."

मग त्यांचं बोट खालच्या ओळीवर येऊन थांबलं,
स्क्रीनवर चहाचा ओला ठसा.
"आणि हे कुणाचं? काढ की."

काढता येतं. एक बटण.
त्या ओळीच्या डोक्यावर टीप आहे,
कुठल्या गावचा कोण, कधी जागून लिहून गेलाय:
तुमचं नाव खुशाल मोठं करा,
आमचं एवढं राहू द्या.
हुकमाचा सूर नाही. शेजाऱ्यानं भांडं देताना म्हणावं तसा.

माझे वडील याच उद्यमनगरात पॅटर्न करायचे,
सागवानाचे. ऑइल इंजिनाची बॉडी, पंपाचं केसिंग.
गिऱ्हाइकाचं नाव शिशाच्या अक्षरांत,
बारीक चुका मारून बसवायचे, ओळंबा धरल्यासारखं सरळ.
वाळूत ते उलटं उमटायचं,
लोखंडात सुलटं.
सांगलीच्या माणसाचं, निपाणीच्या,
एकदा तर थेट इंदूरच्या.
शामराव सुतार असं कशावरच नाही.
फक्त तळाच्या आतल्या अंगाला, जिथं कुणी बघत नाही,
गव्हाच्या दाण्याएवढा एक खळगा.
हे काय हो, मी विचारलं होतं.
"पटाशी घसरली."

प्रत्येक पॅटर्नवर त्याच जागी
पटाशी घसरत नसते
हे कळेपर्यंत त्यांची हत्यारं विकून झाली होती.

मी मालकांना म्हणाले,
"ती ओळ काढली की मशीन उठत नाही."
आवाज माझा, घसरण त्यांची.
मालकांनी कप चुरगाळला. माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं.
त्यांचेही वडील भट्टीवरच होते म्हणे, कपोल्याला.
"व्हय काय," म्हणाले,
आणि जीएसटीचा फोन घ्यायला बाहेर गेले.

रात्री बिल्ड केलं, टेबलावरच्या मशीनवर चढवलं.
ऐंशी अक्षरांची ओळ. फोन नंबर, ईमेल, शाखा,
मालकांना सगळंच हवं होतं,
त्यामुळं गाव शेवटी आलं आणि काठावर फुटलं.
ध्यानात आलं तेव्हा पेनड्राइव्ह गाडीत गेले होते.

काल मुरगूडच्या शाखेत पहिलं मशीन उठलं.
शिपाई शटर वर ढकलत होता,
कॅशवरची बाई डबा ठेवायला खाली वाकलेली.
काळ्यावर पांढरं: इंगवले सिस्टिम्स, आणि बाकीची वरात,
शेवटी कोल्हापू,
पुढच्या ओळीत एकटाच र.
त्याखाली ते दुसरं नाव,
कुणाच्याच ओळखीचं नसलेलं.

दोन सेकंद.
मग लॉगिनची निळी खिडकी.
बाईंनी वर बघितलं, पासवर्ड चुकवला, परत टाकला.

तो र तेवढा
सोमवारी वर घ्यायला हवा.